आक्काचं नाक आणि हवालदाराचं तळं

घरी पाहुणा आला की आमची आक्का त्याला आधी वाकायला लावायची. पाहुण्याला वाटायचं, वडीलधारी बाई आहे, डोक्यावर हात ठेवणार. तो भक्तिभावाने मान खाली घालायचा, आणि आक्का त्याच्या टाळूशी नाक नेऊन दीर्घ श्वास ओढायची. मग सरळ होऊन सगळ्यांदेखत निकाल द्यायची. निकाल तीनच असत. ताजा, कुबट आणि खवट.

ताज्याला चहा मिळे, कुबटाला पाणी. खवटाला नुसतं "बसा" म्हणायची, आणि तेही अशा आवाजात की तो उठायचा.

"माणूस कितीबी गोड बोलू दे," ती म्हणायची, "डोस्क्याचं तेल खोटं बोलत न्हाई."

माझ्या धाकट्या बहिणीला बघायला इचलकरंजीचा मुलगा आला होता. शिकलेला, देखणा, मागाचा धंदा. आक्काने त्याला वाकवलं, हुंगलं आणि म्हणाली, "खवट." वडिलांनी ऐकलं नाही, लग्न लावून दिलं. तो जावई इतका गुणाचा निघाला की आमच्या घरातली भांडणं मिटवायला आम्ही त्यालाच बोलावू लागलो. आक्काला कुणी याची आठवण दिली, तर ती जराही डगमगायची नाही. "त्या दिशी डोस्क्याला लावलं हुतं ते उसनं तेल आसंल," म्हणायची.

कारण तिचा एक सिद्धांत होता आणि तो तिने जन्मभर सोडला नाही. एकदा खवट झालेलं पुन्हा ताजं होत नाही. "गाळा, कढवा, उनात ठिवा. खवट त्ये खवट." तेलाच्या बाबतीत हे खरंच आहे. माणसांनाही तेच लागू, असं तिचं मत होतं.

या सिद्धांताचा सगळ्यात मोठा बळी म्हणजे हिंदुराव हवालदार. आमच्या बांधाला त्याचा बांध. फौजेतून पेन्शनीवर गावी परत आला, त्या दिवशी तो पेढे घेऊन आमच्याकडे आला. आक्काने त्याला वाकवलं आणि एक पाऊल मागे सरली.

"खवट."

"आवं आक्का," हवालदार कळवळून म्हणाला, "बंदुकीचं त्याल हाय त्ये. सवयीनं लावलं जातंय. बंदुकीचं त्याल खवट कसं हुईल?"

"बस," आक्का म्हणाली.

लढाई बघून आलेला माणूस त्या एका शब्दाने जखमी झाला. पुढे कित्येक वर्षं, बांधावर गाठ पडली की तो टोपी काढून म्हणायचा, "आक्का, एकदा फेर वास बघा की. साबण बदललाय." आणि आक्का न थांबता म्हणायची, "खवटाचं ताजं हुत न्हाई, हवालदार. वाट सोड."

आता माझ्याविषयी थोडं सांगायला हवं. मी भूपाल. आक्का म्हणजे माझी आत्या. लग्न होऊन वर्ष-दीड वर्षात कपाळ पुसून ती तासगावच्या बाजूच्या आमच्या गावी, माहेरी परत आली आणि घरचा तेलाचा घाणा तिने ताब्यात घेतला. मी पुढे सांगलीला तेलाचं दुकान टाकलं, पण शनिवारी-रविवारी गावीच असायचो. मी बोलणारा माणूस नाही. आमचं घर जैन, आणि तेही कडक. दिवस मावळल्यावर जेवण नाही, पाणी गाळल्याशिवाय नाही, दिव्यावर चिलट येईल म्हणून दिव्याला जाळी. अशा घरात वाढलेल्याला अपराधी वाटण्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. ते सर्दीसारखं आपोआप होतं. पण मी मात्र करूनसवरून मनात ठेवलेलं काही आहे. आता आक्का नाही, हवालदारही नाही, माझी पन्नाशी उलटली. आता सांगून टाकतो.

हे सगळं माशांवरून सुरू झालं.

पर्युषणात जीवदया म्हणून आमच्याकडच्या बायका सांगलीला कृष्णेच्या घाटावर जात, भोयांकडून जिवंत मासे विकत घेत आणि परत नदीत सोडत. आक्काही जायची. एका वर्षी तिने सोडलेला एक मासा, शेपटीचा तुकडा पडलेला, दुसऱ्या दिवशी त्याच भोयाच्या पाटीत तिला दिसला.

"ह्यो कालचाच न्हवं?"

"व्हय आक्का," भोई म्हणाला, "तुमच्याबिगार ऱ्हाईनाच त्यो."

आक्काने त्याला दुसऱ्यांदा विकत घेतलं, पण या खेपेला नदीत सोडलं नाही. घागरीत घातलं आणि एसटीत बसली. आमच्या मळ्याच्या कडेला एक खाण होती. रस्त्याच्या खडीसाठी दगड काढून काढून पडलेला खड्डा तो, बारमाही पाण्याने भरलेला. तिथे नेऊन तिने त्याला सोडलं. म्हणाली, "हितं कुनी भोई येत न्हाई."

मग ते दरवर्षीचंच झालं. एसटीत आक्का, मांडीवर घागर, घागरीत खळबळ. कंडक्टर नवा असला की विचारायचा, "म्हातारे, घागरीत काय?"

"मुकी मानसं."

कंडक्टरने एकदा वाकून बघितलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "माशाला तिकीट न्हाई. पण पाण्याला लगेज पडंल."

आक्काने लगेज भरलं. जिवाला फुकट नेणं तिला बरं वाटलं नसतं.

आता मासे आणले म्हणजे त्यांना खायला हवं. घरचा घाणा होता, शेंगदाण्याची पेंड होती. तिने ती घालायला सुरुवात केली. दिवस मावळायच्या आत, अर्थात. आमच्या खाणीतले मासेही रात्रीचं जेवत नसत. रात्री ते आपापसात काय करत असतील ते त्यांचं कर्म, असं ती म्हणायची. नुसत्या पेंडीवर मासे गोल झाले, पोटं सुटली. पण थंडी पडली की बुडाशी जाऊन बसत. टाळी वाजवली तरी वर येत नसत. आक्काला चैन पडेना.

अशाच एका कडक थंडीच्या सकाळी ती माझ्या दुकानात बसली होती. फळीवर बाटल्या होत्या. शेंगतेल गढूळ होऊन तळाला बसलं होतं. शेजारी जवसाचं तेल मात्र बाटली हलवली की पाण्यासारखं हलत होतं. आक्काने दोन्ही बाटल्या हातात घेतल्या आणि बराच वेळ एकीकडून दुसरीकडे बघत राहिली.

"भूपाल, माशाच्या अंगात चूल आसती का रं?"

"म्हणजे?"

"तुजं-माजं आंग हिवाळ्यात बी गरम. मासा पाण्याएवढाच गार. मंग त्याच्या पोटात थिजणारं तेल कशाला घालायचं? ह्ये घालावं, जे थिजत न्हाई."

त्या दिवसापासून पेंडीत तांदळाचा कोंडा, त्यात ताज्या जवसाचं तेल, वर थोडं करडईचं, असे लाडू वळले जाऊ लागले. पुढे एकदा मत्स्यखात्याचा एक तरुण साहेब गावात आला होता, त्याला मी हे सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "तर्क चांगला आहे हो बाईंचा. थंड पाण्यातल्या माशांना असली तेलं मानवतात, असं आम्हालाही शिकवलंय."

म्हणून आक्काला सगळंच कळत होतं असं समजू नका. माणसाला महिन्यातून एकदा एरंडेल द्यावं तसं माशांनाही द्यावं, म्हणून तिने एका अमावास्येला तेही घातलं. मासे खाणीच्या बुडाशी जाऊन बसले ते कितीतरी दिवस वर आलेच नाहीत. "पोट साफ हुतंय," ती सगळ्यांना सांगत होती. पण पुढच्या अमावास्येला एरंडेलाची बाटली गुपचूप माळ्यावर गेली.

जवसाने मात्र जादू केली. भर थंडीत मासे टाळीला वर येऊ लागले. खवलं अशी चमकायची की खाणीत कुणी नवी भांडी घासून टाकली आहेत असं वाटावं. गावातली माणसं बघायला यायची, आणि आक्का त्यांना माशांपेक्षा त्यांच्या पाठी दाखवायची. "पोट कुनीबी वाढवतंय. पाठ बघा. पाठ भरली तर मासा निरोगी."

इकडे हवालदारानेही तळं काढलं होतं. त्याची जमीन पाटाच्या पाण्याने चोपण, म्हणजे खारवट, झालेली, ऊस धरेना. दुष्काळानंतरच्या त्या वर्षांत सरकार मत्स्यबीज देत होतं, तेव्हा त्याने चोपणात मोठं तळं खोदलं आणि रोहू, कटला, सायप्रिनस सोडले. गावात छाती काढून सांगत सुटला, "पल्टण उतरवलीय पाण्यात."

पल्टणीचं राशन मात्र त्याने फौजी हिशेबाने ठरवलं. पावसाळ्यात भिजलेली पेंडीची पोती कुठूनशी स्वस्तात उचलली. वर एसटी स्टँडवरच्या भजीवाल्याकडचं जळकं तेल, कढईत उरलेलं, काळं, डब्याने आणायचा. मी एकदा दबकत म्हणालो, "हवालदार, ह्या तेलाला वास येतोय."

"त्याल म्हंजे त्याल, भूपालशेठ. फौजेत काय वास बघून खात व्हतो व्हय आमी?"

मासे आधी वाढले आणि मग आटायला लागले. डोकं मोठं, आणि डोक्यामागे पाठ अशी बसलेली की वरून बघितलं तर सुरीची धार वाटावी. रोज सकाळी काही पालथे तरंगायचे. मत्स्यखात्याच्या साहेबाने येऊन पाणी तपासलं, कल्ले बघितले, पोत्यात हात घालून हुंगलं आणि शिंकत म्हणाला, "हे आधी बंद करा." हवालदाराने पेंड बंद केली आणि भजीचं तेल चालू ठेवलं. का, तर, "सायबानं पोत्याला नाव ठिवलं. डब्याला न्हाई."

अखेर एका सकाळी घमेल्यात पाणी आणि पाण्यात एक मरतुकडा रोहू घेऊन तो आमच्या अंगणात उभा राहिला. टोपी हातात. बायको जाऊन त्याला काही वर्षं झाली होती, मुलगा पुण्यात.

"आक्का, पोरगं म्हणतंय पुन्याला या. कारखान्याच्या गेटावर जागा बघितलीया. स्टूल देत्यात बसाय." घमेल्याकडे बघत तो म्हणाला, "तळं गेलं की मी बी गेलो. मोटारी आल्या की सलाम ठोकायचा, एवढंच."

आक्का घमेल्याजवळ खाली बसली. पाण्यात हात घातला आणि त्या रोहूच्या पाठीवरून एक बोट फिरवलं, आजारी लेकराच्या फिरवावं तसं.

"पाठ गेलीया की रं ह्याची," ती म्हणाली. "काय घालतोस?"

त्याने सांगितलं. तिचं बोट पाठीवरच थांबलं. मला कळत होतं ती कशात अडकलीय ते. तिने उपाय सांगितला तर मासे धडधाकट होणार, आणि धडधाकट झाले की कापले जाणार. नाही सांगितला तर पाठी झडून झडून मरणार. आणि हवालदार स्टुलावर बसणार.

ती उठली, चप्पल घातली आणि बस्तीत गेली. बस्ती म्हणजे आमचं जैन मंदिर. तिथल्या पंडितांना तिने विचारलं. पंडित सज्जन माणूस. म्हणाले, "आक्का, मासे पाळायला मदत करणं पाप. पण जीव तळमळताना बघून गप्प बसणं, तेही पापच." परत येऊन ती आमच्यासमोर उभी राहिली तेव्हा चेहरा मोकळा दिसला.

"दोन्हीकडं पापच असंल, तर पाठ भरलेलं पाप बरं," ती म्हणाली. "हवालदार, ऐक. दर खेपंला जाळं टाकशील, तवा सगळ्यात मोठा मासा माजा. जित्ता. माज्या खाणीत सोडायचा."

"सगळ्यात मोटा?"

"सगळ्यात मोटा. बारका दिलास तर मला कळतंय. दिवस मावळल्यावर राशन न्हाई. आन् तेलाचा एकेक डबा माज्या नाकाखालनं गेल्याबिगार पाण्यात पडायचा न्हाई."

"राशन न्हाई म्हंजे रात्रपाळीची पल्टण उपाशी?"

"उपाशी."

हवालदाराने कडक सलाम ठोकला. त्याच्या डोळ्यात पाणी होतं की बंदुकीचं तेल, मला सांगता येत नाही.

मग ती त्याच्या कोठीत गेली. मी मागे. पोती उघडली गेली. आक्का वाकली, आणि एकदम थांबून म्हणाली, "हवालदार, तू हुंग आधी. शिकून घे. मी किती दिस पुरणार?"

हवालदाराने पोत्यात तोंड घातलं आणि खोकत बाहेर आला. "खवट हाय."

मग तिने वास घेतला. "बराबर. पुरून टाक ह्ये. म्हशीलाबी घालू नगस."

सगळं खड्ड्यात गेलं, भजीच्या तेलासकट. त्या दिवसापासून दर शनिवारी मी सांगलीहून ताज्या जवसाचा डबा एसटीत घालून आणू लागलो. तोच कंडक्टर. "आज पाणी न्हाई व्हय? तेलालाबी लगेज पडतंय." डबा आला की अंगणात तिघांची सभा भरायची. आक्का म्हणायची, "हवालदार, आधी तू. बघू शिकलास का." तो हुंगायचा, म्हणायचा, "ताजं." मग ती हुंगायची. "बराबर." एखादा डबा उन्हात राहून बिघडलेला असायचा, तेव्हा तो नाक वर करायचा. "आक्का, ह्ये गेलंय." "बराबर. भूपाल, माघारी ने."

हवालदार कुरकुर करायचा ती वेगळी. "माशाला जवसाचं त्याल, आन् मी भाकरीला चटणी कोरडी खातोय." पण करायचा सगळं. लाडू वळायचा, उन्हं कलायच्या आत घालायचा, आणि संध्याकाळी पाण्याकाठी कंदील न लावता बसून राहायचा. मेलेले मासे आधी कमी झाले. मग दिसेनासे झाले. मग एक दिवस तो बांधावरून पळत आला. हवालदार पळताना मी आयुष्यात एकदाच बघितला. "आक्का, टाळीला वर येत्यात."

सांगलीच्या घरी मी सांगितलं होतं की हे जवसाचं तेल एका रंगाऱ्याला जातं. रंगारी लाकडाला जवसाचं तेल लावतातच, त्यामुळे कुणाला संशय आला नाही. माझी बायको अजूनही कधी विचारते, तो रंगारी हल्ली दिसत नाही. रंगारी कधीच नव्हता.

जाळं टाकायचा दिवस आला. जाळं ओढायला घाटावरचाच भोई बोलावला होता, तोच, आक्काला एक मासा दोनदा विकणारा. सांगलीहून, मिरजेहून गिऱ्हाइकं आली होती. निम्मं गाव काठावर. आक्काही आली, पण तळ्याकडे पाठ करून बाभळीखाली उभी राहिली. बघायचं नाही, हे तिचं ठरलेलं होतं. मी तिच्या आणि तळ्याच्या मधे.

जाळं आलं, आणि काठावरची माणसं पुढे झुकली. जाळ्यात मासे नव्हते, पाठी होत्या. हाताच्या पंजात न मावणाऱ्या, गोल, चकाकणाऱ्या पाठी.

"भूपाल," आक्का तिकडे न बघता म्हणाली, "पाठ?"

"भरलीय."

"डोस्कं?"

"पाठीपुढं दिसत नाही."

"शेपटी?"

"आक्का, भोयाला चपराक मारलीय आत्ताच एकाने."

आक्का हसली. तिचं ते हसणं मी पहिल्यांदाच बघितलं. तोंडावर पदर न घेता.

मिरजेचा व्यापारी दोन्ही हातांनी एक कटला उचलून म्हणाला, "हवालदार, ह्यांना काय पाजता काय?" हवालदार बाभळीकडे बोट करून म्हणाला, "त्यो खुराक बाजारात मिळत न्हाई. त्याला नाक लागतंय."

सगळ्यात मोठा रोहू भोयाने घंगाळात ठेवला. तोलायला कुणी धजलं नाही, आक्काचा तो. हवालदाराने फौजेचा कोट घातला होता, छातीवर पदकं. त्याने घंगाळ बैलगाडीत ठेवलं, आणि हलगीवाला कुणी सांगितल्याशिवाय पुढे झाला. हलगी सुरू झाली. पुढे हलगी, मागे गाडी, गाडीत रोहू, बाजूला हवालदार पाऊल मोजत चाललेला, मागे सगळं गाव. रस्त्यावर एसटी थांबली. खिडकीतून आमचा कंडक्टर ओरडला, "आरं, लगेज भरलं का?" सगळे हसले. आक्का सगळ्यांच्या पुढे होती, अनवाणी. खाणीच्या काठावर तिने स्वतः घंगाळ कलतं केलं. रोहू पाण्यात गेला आणि एक गिरकी घेऊन खोल उतरला. हलगी जोरात वाजली.

मी खरं सांगतो. त्या दिवशी बाकीचे मासे टोपल्यांतून बाजारात गेले, कापले गेले, त्या भरलेल्या पाठी माझ्या दुकानातल्या तेलाने भरल्या होत्या, आणि तरी मला आनंद झाला होता. पोटभर झालेला आनंद. बस्तीत गेल्यावर मी हात जोडून पश्चात्ताप आणायचा प्रयत्न करायचो. तो यायचाही, पण मागून हलगी ऐकू यायची.

हवालदार पुण्याला गेला नाही. दर खेपेला जाळं पडलं की सगळ्यात मोठा मासा आक्काच्या खाणीत येई. बारका देण्याचा त्याने कधी प्रयत्नही केला नाही.

पुढची गोष्ट त्यानंतरच्या एका शनिवारची. मी आणलेला डबा बिघडलेला होता. मलाही वास येत होता. आक्का म्हणाली, "हवालदार, आधी तू." तो त्या दिवशी खुशीत होता, गंमत करायची लहर आली. डबा हुंगून, डोळा मिचकावून म्हणाला, "एकदम ताजं."

आक्काने डब्याशी नाक नेलं. लांब श्वास घेतला.

"बराबर," म्हणाली.

हवालदाराचा डोळा मिचकावलेला तसाच राहिला. त्याने माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे. मग तो हळूच म्हणाला, "थांबा थांबा, आक्का. चुकलं माजं. परत घेतला वास. खवट हाय ह्ये."

"मी बी तेच म्हणणार हुते," आक्का म्हणाली. "घाई नगं करूस."

संध्याकाळी बांधावर त्याने मला गाठलं. "भूपाल, आक्काला बोलू नगस. मला ठावं झालंय ह्ये त्यांना ठावं न्हाई."

आणि दुसऱ्या दिवशी आक्काने मला घाण्यामागे बोलावलं. "हिवाळ्यात ताप आला हुता बघ. तवापासनं नाक गेलंय. हवालदार घमेलं घिऊन आला त्याच्या आधीच." माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "त्या दिशी बस्तीत मी नुसती पापाचं इचाराय न्हवते गेले. नाक माघारी मागाय गेले हुते. त्ये काय मिळालं न्हाई. मंग त्याचंच नाक वापरलं. हवालदाराला बोलू नगस. त्याला ठावं न्हाई."

मी कुणालाच बोललो नाही. दोघांचं एकच गुपित, दोघांकडून स्वतंत्र, माझ्या पोटात. न बोलणाऱ्या माणसावर लोक असलं ओझं बिनदिक्कत टाकतात.

त्यानंतर हवालदाराने पद्धत बदलली. आक्काने "आधी तू" म्हणायची वाटच बघायचा नाही. डबा उघडला की घसा खाकरायचा. एकदा खाकरला तर ताजं, दोनदा खाकरला तर खवट. कुणी कुणाला न सांगता दोन-तीन शनिवारांत हे ठरून गेलं. आक्का ते ऐकून हुंगायची आणि निकाल द्यायची. गावातली माणसं यायची, "आक्काचं नाक बघा," म्हणायची. हवालदार मान डोलवायचा. "नाक म्हंजे नाक."

पाहुण्यांना वाकवणं तिने हळूहळू सोडलं होतं. कारण कुणाला कळलं नाही. म्हातारपण, म्हणायचे.

शेवटच्या वर्षी ती खाटेवरच असायची. अंगणात खाट, खाण तिथून दिसायची. मी डबा आणला. हवालदार आला, बसला, डबा उघडला, एकदा खाकरला. आक्काने हुंगलं. "ताजं."

हवालदार टोपी काढून मांडीवर ठेवत म्हणाला, उगीच, सवयीने, "आक्का, माझा बी वास बघा की एकदा."

मला वाटलं ती म्हणेल, खवटाचं ताजं होत नाही. तिने हात केला. "वाक."

हवालदार वाकला. पांढऱ्या केसांचं, कातरलेलं फौजी डोकं. आक्काने त्याच्या टाळूशी नाक नेलं आणि डोळे मिटून बराच वेळ तशीच राहिली. हवालदार हलला नाही. या वेळी तो खाकरला नाही, एकदाही नाही, दोनदाही नाही.

आक्का मागे टेकली.

"ताजा हाय," म्हणाली. "भूपाल, हवालदाराला चा टाकाय सांग."